पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?

शहराच्या बातम्यांच्या पानावर हे वाक्य तुम्ही अनेकदा वाचलं असेल: 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.' कुणाची दुचाकी गेलेली असते, कुणाचं मंगळसूत्र ओढलेलं असतं. बातमी वाचून बरंच वाटतं, चला, चोर सापडला. आता भारतीय न्याय संहितेचं कलम १२० काढून बघा. कबुली किंवा माहिती काढण्यासाठी कुणाला इजा करणं हा सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि गंभीर दुखापत केली तर दहा वर्षांपर्यंत. हे कलम नवीनही नाही. १८६० च्या दंड संहितेत ते ३३० आणि ३३१ या क्रमांकांनी होतं. ३३० खाली समजावण्यासाठी दिलेलं पहिलंच उदाहरण पोलीस अधिकाऱ्याचं आहे: आरोपीने गुन्हा कबूल करावा म्हणून त्याचा छळ करणारा अधिकारी या कलमाखाली दोषी आहे. हा गुन्हा बहुधा कोण करणार, हे कायदा लिहिणाऱ्यांना तेव्हाच ठाऊक होतं. त्या छोट्याशा बातमीत म्हणजे दोन गुन्हे छापलेले असतात. एकाचा तपास लागलेला असतो. दुसऱ्याचा तपास सुरूच होत नाही.

मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. विधी सेवेच्या पॅनेलवर असल्याने रिमांडच्या कामाला उभं राहावं लागतं. ज्यांना वकील परवडत नाही अशी माणसं तिथे भेटतात, आणि ती भेटही दोन-चार मिनिटांचीच असते. पोलीस आरोपीला घेऊन येतात, दंडाधिकारी कागद चाळतात आणि विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?' बहुतेक जण म्हणतात, 'नाही जी.' रोजनाम्यात तशी ओळ पडते आणि पुढचं प्रकरण पुकारलं जातं.

प्रश्न चांगला आहे. मनापासून विचारणारे दंडाधिकारीही मी पाहिले आहेत. पण उत्तर देणारा कुठे उभा आहे ते बघा. ठाण्यातलाच शिपाई त्याच्या दंडाला धरून उभा असतो आणि सरकारी वकिलांच्या हातात आणखी चार दिवसांचा पीसीआर मागणारा अर्ज असतो. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी. अर्ज मंजूर झाला तर संध्याकाळी तो त्याच ठाण्यात, त्याच माणसांच्या हाती परत जाणार. एकदा एका मुलाची आई कॉरिडॉरमध्ये माझा हात धरून म्हणाली, 'मॅडम, माह्या पोराले नीट उभं राहता येऊन नाही रायलं. तुम्ही सांगा ना साहेबाले.' मी आत जाऊन सांगितलं. साहेबांनी मुलाला विचारलं. मुलगा म्हणाला, 'नाही जी, काही तक्रार नाही.' वैद्यकीय कागदावर 'ताजी बाह्य जखम नाही' असं लिहिलेलं होतं. तळपायांवर पट्ट्याने मारलं तर वरवर बघणाऱ्या डॉक्टरला दुसऱ्या दिवशी फारसं काही दिसत नाही, आणि शेजारी शिपाई उभा असताना पाय वर करून दाखव म्हणायला डॉक्टरलाही सुचत नाही किंवा सवड नसते. तो मुलगा पुढे न्यायालयीन कोठडीत गेला तेव्हा कारागृहात त्याला भेटले. म्हणाला, 'मॅडम, बोललो असतो तर रात्री पुन्हा तेच साहेब भेटले असते.'

लोक मला विचारतात, पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालतच नाही ना, मग मारतात कशाला? प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर कायद्यातच आहे. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात घ्यायची नाही हा नियम इंग्रजांनी घातला. त्याआधी १८५४ मध्ये मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करायला एक आयोग बसला होता. शेतसारा वसूल करण्यासाठी रयतेला तासन्‌तास वाकवून बांधून ठेवणं, बोटं लाकडी चापात दाबणं, हे सगळं त्याच्या अहवालात आलं. महसूल आणि पोलीस ही दोन्ही कामं तेव्हा तीच माणसं करत होती. साम्राज्याला स्वतःच्या नोकरांवर भरवसा उरला नाही, म्हणून १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ आणि २६ राहिली. पण लगेच पुढे २७ होतं: आरोपीने कोठडीत दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढा भाग पुराव्यात चालेल. नव्या साक्ष अधिनियमात तीच तरतूद कलम २३ च्या परंतुकात जाऊन बसली आहे. आमच्या कोर्टात अजूनही सगळे 'सत्तावीसचा पंचनामा' म्हणतात. ती एक फट पुरेशी आहे. कबुली टिकणार नाही हे तपासणाऱ्याला माहीत असतं. त्याला चाकू हवा असतो, सोन्याची चेन हवी असते, आणि ती कुठे आहे हे आरोपीच्या तोंडून काढायचं असतं. ते कसं काढलं, हे विचारायची पाळी फार उशिरा येते.

एका निवृत्त हवालदारांशी मी यावर बरंच बोलले आहे. आमच्या ओळखीतले, देवमाणूस म्हणावं असे गृहस्थ. ते म्हणाले, 'ताई, साहेब म्हणायचे सकाळपर्यंत काम झालं पाहिजे. रात्री ड्युटीवर आम्ही दोघं. फिंगरप्रिंट घ्यायला कोणी येत नाही, मोबाइलच्या कॉलचा सीडीआर यायला दिवस लागतात, लॅबचा रिपोर्ट यायला महिने. आमच्याकडे काय होतं? हात होते.' मला त्यांचा राग येत नाही. ज्या व्यवस्थेने त्यांना इतर काहीच दिलं नाही आणि निकाल मात्र सकाळी मागितला, तिचा येतो. मारणं हा कडक पोलिसिंगचा अतिरेक आहे असं मला कधीच वाटलं नाही. तपास करायला लागणारा वेळ, पैसा आणि शिक्षण टाळून केलेलं ते काम आहे.

आणि ते काम शेवटी कुठे नेतं? ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली. मोक्का कायद्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. साध्या कायद्याने बंद केलेलं दार विशेष कायद्याने असं उघडून ठेवलं आहे. अशाच कबुलीजबाबांच्या आधारे २०१५ मध्ये बारा जणांना दोषी धरलं गेलं, त्यातल्या पाच जणांना फाशी झाली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, कबुलीजबाब छळाने घेतल्याचं मान्य केलं आणि ते पुराव्यातून काढून टाकले. काही जण आपल्या नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून बाहेर पडले. एक जण तो दिवस बघायला उरला नव्हता, २०२१ मध्ये याच कारागृहात असताना तो वारला होता. सर्वोच्च न्यायालयाने नंतर या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देऊ नये असं म्हटलं, प्रकरण अजून तिथे आहे. ते काय व्हायचं ते होईल. पण ज्यांची माणसं त्या लोकलमध्ये गेली, त्यांच्या हातात १९ वर्षांनी काय आहे, याचा विचार करताना मला गलबलून येतं. कोठडीतल्या मारहाणीचा बळी फक्त मार खाणारा नसतो. मेलेल्यांचाही त्यात न्याय जातो.

वर्धा रोडवरून विमानतळाकडे जाताना त्या कारागृहाची भिंत लागते. रोज हजारो नागपूरकर तिच्या बाजूने जातात, मीही जाते.

या विषयावर बोललं की कुणीतरी बॉम्ब काढतंच. शहरात बॉम्ब ठेवला आहे, तासाभरात फुटणार आहे, ठेवणारा तुमच्या ताब्यात आहे, मग काय कराल? मीही या प्रश्नाने अनेक रात्री हैराण झाले आहे, त्यामुळे तो फालतू आहे असं म्हणणार नाही. पण प्रत्यक्षात त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी घटना मला माहीत आहे ती अशी. २००२ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टला अकरा वर्षांच्या मुलाचं अपहरण झालं. खंडणी घेणारा कायद्याचा विद्यार्थी पकडला गेला, पण मुलगा कुठे आहे ते सांगेना. मुलगा जिवंत असेल या आशेने पोलीस उपप्रमुख वोल्फगांग डाश्नर यांनी त्याला वेदना देण्याची धमकी द्यायला लावली. धमकीवर तो लगेच बोलला. मुलगा केव्हाच मेलेला होता. डाश्नर यांनी आपण काय हुकूम दिला हे स्वतःच फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं. त्यांच्यावर खटला चालला, २००४ मध्ये ते दोषी ठरले, शिक्षा म्हणून न्यायालयाने ताकीद दिली आणि दंड राखून ठेवला. अपहरण करणाऱ्याने धमकीखाली दिलेली कबुली कोर्टाने बाजूला काढली. त्याने खटल्यात पुन्हा कबुली दिली आणि त्याला जन्मठेप झाली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१० मध्ये त्या नुसत्या धमकीलाही अमानुष वागणूक ठरवलं.

या प्रकरणावर मी अनेकदा विचार करते. डाश्नर यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही. पण त्या देशाने जे केलं ते मला योग्य वाटतं. अधिकाऱ्याचा हेतू समजून घेतला, शिक्षा हलकी केली, आणि तरीही गुन्हा म्हणायला कचरले नाहीत. अपवाद एका माणसाच्या विवेकावर सोडला, कायद्यात लिहिला नाही. कारण लिहिला की तो अपवाद राहत नाही. इस्रायलमध्ये १९८७ च्या एका आयोगाने 'मध्यम शारीरिक दबावा'ला परवानगी दिली आणि तो नेहमीचा होऊन बसला. १९९९ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाला त्या पद्धती बंद कराव्या लागल्या. न्यायमूर्ती अहरोन बराक यांनी तेव्हा लिहिलं की लोकशाहीला एक हात पाठीशी बांधून लढावं लागतं, तरीही तिचीच बाजू वरचढ असते. याच निकालात 'गरजेचा बचाव' नंतर घेता येईल अशी एक जागा ठेवली होती. अशा जागा लहान राहत नाहीत.

अमेरिकेत ऑगस्ट २००२ च्या सरकारी टिपणात म्हटलं होतं की अवयव निकामी होण्याइतकी किंवा मरणाइतकी वेदना झाली तरच तो छळ. एवढं लिहून दिल्यावर एका माणसाला १८३ वेळा पाण्याने गुदमरवण्यात आलं. सिनेट समितीचा अहवाल डिसेंबर २०१४ मध्ये आला: सीआयएच्या ताब्यात ११९ माणसं होती, त्यातली किमान २६ चुकीने धरलेली, आणि या छळातून म्हणावी अशी माहिती मिळाली नाही.

मला वाटतं, बॉम्बच्या प्रश्नात आपण स्वतःला नेहमी बाहेरच्या गर्दीत उभं करतो. मार खाणाऱ्या खुर्चीवर आपण किंवा आपला मुलगा बसलेला असेल ही शक्यताच त्या प्रश्नात नसते. आणि माझ्या अनुभवात बॉम्ब कधी आलाच नाही. आली ती बॅटरीची चोरी, तांब्याची तार, किराणा दुकानाचा गल्ला. ज्यांच्यासाठी कुणी फोन करत नाही अशी माणसं आली. विदर्भातल्या फासेपारध्यांना विचारा. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण गावात चोरी झाली की पहिली गाडी अजूनही पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, जाते.

आत्याची गोष्ट इथे सांगायला हवी. ती प्रतापनगरात एकटी राहते, शाळेतून निवृत्त झालेली. कपाटातल्या पाटल्या गेल्या, तिच्या आईच्या. ठाण्यातून आलेल्या माणसाने विचारलं, घरात कोण कोण येतं? मग म्हणाला, 'कामवालीचं नाव द्या, काकू. दोन तास बसवतो, सांगेल सगळं.' शेजारचे, आमचेच नातेवाईक, सगळे म्हणाले, दे नाव, तीच असणार. आत्या म्हणाली, 'तिला हात लावणार नाही असं लिहून द्या, मग नाव सांगते.' तो हसला. आत्याने नाव दिलं नाही. पाटल्या मिळाल्या नाहीत. कुणी घेतल्या ते आजही कळलेलं नाही, आणि ती बाई आजही कामाला येते. आत्याला पाटल्यांची आठवण आली की रडू येतं, हेही खरं आहे. छळाला नाही म्हणणं फुकट नसतं, त्याची किंमत कुणाला तरी द्यावी लागते. ती किंमत देणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून मला हे सांगावंसं वाटतं.

'नागपुरात बसून हे बोलता? कस्तुरबा नगर विसरलात?' असं मला एका व्याख्यानानंतर विचारलं गेलं. विसरले नाही. १३ ऑगस्ट २००४ ला इथल्याच जिल्हा न्यायालयात जमावाने एका गुंडाला मारून टाकलं, जमावात कस्तुरबा नगरच्या महिला होत्या. त्या वस्तीने वर्षानुवर्षं त्याचे बलात्कार, खंडण्या आणि खून सोसले होते. त्यांच्या तक्रारी घेतल्या जात नव्हत्या. त्या बायकांनी पोलिसांकडे कधी पट्टा मागितला नव्हता, त्यांनी एफआयआर मागितला होता. गरिबाची तक्रार लिहून न घेणारं ठाणं आणि गरिबाला मारणारं ठाणं एकच असतं. एकाचा इलाज दुसऱ्याने होत नाही.

आता कायद्याचं. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली ती १४ ऑक्टोबर १९९७ ला. नागपूरच्या माणसाला ती तारीख वेगळी सांगावी लागत नाही. १९५६ मध्ये त्याच तारखेला दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी माणूस म्हणून उभं राहण्याची शपथ घेतली होती. सहीनंतर इतकी वर्षं गेली, करार मंजूर झालेला नाही. २०१० मध्ये छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवलं आणि पुढे लोकसभेची मुदत संपली तसं तेही बाद झालं. २०१७ मध्ये विधी आयोगाने आपल्या २७३ व्या अहवालात पुन्हा मसुदा दिला. तोही पडून आहे. यात सरकारचंही नुकसान आहे. पश्चिम बंगालात पुरुलियाला विमानातून शस्त्रास्त्रं टाकल्याच्या प्रकरणातला आरोपी डेन्मार्कने २०११ मध्ये आपल्याला दिला नाही, कारण भारतात त्याचा छळ होण्याचा धोका आहे असं त्यांच्या न्यायालयाला वाटलं.

न्यायालयांनी केलं नाही असं नाही. डी. के. बसू प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे अकरा नियम घालून दिले: अटकेचा मेमो, घरच्यांना कळवणं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. २०१० मध्ये संमतीशिवाय नार्को चाचणी बंद केली. २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही लावायला सांगितलं. पण कोठडीत काय घडलं हे सिद्ध कुणी करायचं, ही एक गाठ सुटली नाही, आणि ती कशी सोडवायची हे याच भागातल्या एका प्रकरणाने दाखवलेलं आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. आपल्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तिच्या अंगावर जखमा नाहीत असं म्हणत, त्यांना सोडलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पुरावा कायद्यात ११४-अ आलं: कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालय तेच धरून चालेल.

मारहाणीसाठी असंच ११४-ब हवं, असं विधी आयोगाने १९८५ मध्ये सुचवलं, २०१७ मध्ये पुन्हा सुचवलं. कोठडीत असताना जखम झाली, तर ती ताब्यात ठेवणाऱ्याने केली असं न्यायालयाला धरता यावं, आणि नाही म्हणायचं असेल तर त्याने ते सिद्ध करावं. नव्या साक्ष अधिनियमात ते घालायची संधी होती. घातलं नाही.

एक मुलगा मात्र 'हो' म्हणाला होता. दंडाधिकारी मॅडमनी पोलिसांना दाराबाहेर थांबायला सांगितलं, खाली उतरून त्याच्याजवळ गेल्या आणि पुन्हा विचारलं. त्याने शर्ट वर केला. मॅडमनी स्वतः जखमा लिहून घेतल्या, नवी तपासणी करायला लावली. त्याने चोरी केली होती, त्याने ती माझ्याजवळ मान्य केली, आणि त्या चोरीची शिक्षाही त्याने भोगली. त्याच्या तक्रारीचं काय झालं? साक्षीदार कोण, असं त्याला विचारलं गेलं. लॉकअपमध्ये त्याच्यासोबत असलेला दुसरा आरोपी त्याच ठाण्याच्या हद्दीत राहतो, तो बोलला नाही. कॅमेरा त्या दोन दिवसांत बंद होता असं उत्तर आलं. त्या रात्री ड्युटीवर कोण होतं, आरोपीला लॉकअपमधून किती वाजता बाहेर काढलं आणि किती वाजता परत ठेवलं, हे स्टेशन डायरीत लिहिलेलं असायला हवं, आणि ती डायरी ठाण्यातच असते. ११४-ब असतं तर साक्षीदार शोधत त्या मुलाला फिरावं लागलं नसतं. डायरी उघडून उत्तर त्यांना द्यावं लागलं असतं.